०.५ एमएमच्या पत्र्याचा कप बुडाशी सारखा फाटतोय, प्रेशरला हात लावायच्या आधी हे बघा

गोल कप, व्यास ८० एमएम, उंची ७०, पत्रा ०.५ चा डीप ड्रॉ ग्रेडचा (खोल ओढता येईल असा) आणि प्रेसवर एकाच ड्रॉमध्ये, म्हणजे पंच नावाच्या ठोकळ्याने पत्रा डायच्या भोकात एकदाच ढकलून, काढायचा हट्ट. चार दिवस जॉब नीट पडतात, पाचव्या दिवशी दहातला एक फाटतो, दुपारपर्यंत दहातले तीन, मग आरडाओरडा, मग कोणीतरी काहीतरी करतं आणि परत चालू होतं. नक्की काय केल्याने चालू झालं हे कोणालाच धड सांगता येत नाही, त्यामुळे पुढच्या आठवड्यात तोच खेळ. आमच्याकडे हे जवळजवळ वर्षभर चाललं होतं. शेवटी जे हाताला लागलं ते लिहून ठेवतोय, कारण ज्यांच्याशी बोललो त्या बहुतेकांचं दुखणं हेच आहे.

फाटायची जागा ठरलेली, बुडाच्या गोलाईच्या जरासं वर, अर्ध्या चंद्रासारखी चीर. पण चीर पडायच्या आधीच्या कपांकडे कोणी बघत नाही. चांगला म्हणून पास झालेला कप उजेडाकडे तिरका धरा आणि गोलाईच्या वरून अंगठा हळू फिरवा, जिथे उद्या फाटणार आहे तिथे आज एक बारीक खळगा लागतो, पत्र्याची चमकही तेवढ्या पट्ट्यात मळकट दिसते. तो पट्टा दिसला की समजायचं की रिजेक्शन अजून सुरू झालेलं नाही एवढंच, बाकी रोग आलेलाच आहे.

आता नेहमी होतं काय, तर चीर दिसली की सेटर, म्हणजे प्रेसवर टूल (पंच-डायचा जोड) बसवणारा, कुशनचं, म्हणजे होल्डरला जोर देणाऱ्या गादीचं, प्रेशर उतरवतो, कडेला चुण्या यायला लागतात, मग परत चढवतो, परत बूड फाटतं, आणि या दोघांच्या मधली जी बारीक फट आहे ती शोधण्यात शिफ्ट जाते. जाड पत्र्यात ही फट चांगली ऐसपैस असते म्हणून तिथे हा उद्योग खपून जातो. पातळ पत्र्यात का खपत नाही ते एकदा आकड्यात मांडून बघितलं तेव्हा मलाच नवल वाटलं.

पंच बुडाला ढकलतो खरा, पण कडेचा पत्रा आत ओढून आणायचं काम कपाची भिंत करते. भिंतीचा घेर साधारण २५१ एमएम, जाडी ०.५, म्हणजे सगळं मिळून १२५ चौरस एमएम. पत्र्याची ताकद चौरस एमएमला ३१० न्यूटन धरली तर ही भिंत फार तर ३९ किलोन्यूटन ओढणार, जेमतेम ४ टन, त्यापुढे तुटणारच. आता होल्डरकडे, म्हणजे कडेचा पत्रा दाबून धरणाऱ्या रिंगकडे बघा. ब्लँक, म्हणजे पत्र्याची कापलेली सपाट चकती, १७६ एमएमचा, डायची गोलाई सोडून होल्डरखाली १८,००० चौरस एमएमच्या आसपास पत्रा दाबला जातो, चौरस एमएमला २ न्यूटन म्हटलं तरी ३६ किलोन्यूटन झाले. म्हणजे दाबणारा आणि ओढणारा जवळपास सारख्याच ताकदीचे. पत्रा वरून घासतो आणि खालूनही घासतो, घर्षणाचा गुणांक ०.१ धरला तर ७ किलोन्यूटन नुसत्या घासण्यात गेले, भिंतीच्या ताकदीतला सहाव्या हिश्शाहून जास्त. आणि कडेचा पत्रा आकसायला जो जोर लागतो तो वेगळाच, मोठा खर्च तर तोच आहे. हाच कप १ एमएमच्या पत्र्यातून काढला तर भिंतीची ताकद दुप्पट होते, पण होल्डरचा दाब दुप्पट लागत नाही, उलट जाड पत्र्याला चुण्या कमी पडतात म्हणून जरा कमीच लागतो. सगळी मेख इथे आहे, जाडी अर्धी केली की ओढणारा अर्धा होतो पण घासणारा तेवढाच राहतो. त्यामुळे जाड जॉबवर शिकलेला सेटर पातळ जॉबवर हमखास फसतो, त्यात त्याची चूक नाही.

म्हणून प्रेशरला हात लावायच्या आधी एक साधी टेस्ट करा, दहा मिनिटांचं काम आहे. दहा ब्लँक घ्या, पत्र्यावरच्या बारीक रेघांवरून रोलिंगची (पत्रा लाटल्याची) दिशा कळते, त्या दिशेने मार्करने बाण काढा. पाच ब्लँक बाण समोर ठेवून मारा, पाच बाण उजवीकडे ठेवून मारा, आणि प्रत्येक कपावर प्रेसची समोरची बाजू कुठली होती तेही लिहा. चीर किंवा तो खळगा बाणाबरोबर फिरला तर दोष पत्र्यात आहे. बाण कुठेही असो, खळगा प्रेसच्या त्याच कोपऱ्यात येतोय तर पत्रा बिचारा निर्दोष आहे, टूल नाहीतर प्रेस बघा. आणि कुठेही कसाही येत असेल तर बहुतेक तेलाचा घोळ आहे किंवा मुळात ड्रॉच मर्यादेच्या काठावर चालवताय, त्याचं पुढे सांगतो.

आमच्याकडे त्या टेस्टमध्ये खळगा दरवेळी उजव्या हाताला पुढे. त्याआधी आम्ही दोन महिने पत्रा देणाऱ्याला शिव्या घालत होतो, दोन कॉइल परतसुद्धा पाठवल्या, आता आठवलं की कसंतरी होतं. टूल उतरवून कुशनच्या आठही पिना (कुशनचा जोर होल्डरला पोचवणाऱ्या दांड्या) सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट लादीवर, उभ्या केल्या, उंची मोजायचा डायल फिरवला, सात पिना ०.०५ च्या आत आणि आठवी ०.४ ने आखूड. ०.५ च्या पत्र्याला ०.४ म्हणजे तो कोपरा दाबलाच जात नव्हता. गंमत अशी की आखूड पिन डावीकडे मागे होती आणि फाटत होतं बरोबर विरुद्ध कोपऱ्यात, कारण जिथे दाब नाही तिथून पत्रा सरसर आत येतो, सगळा दाब उरलेल्या बाजूवर पडतो आणि तिथली भिंत ताणली जाते. डावीकडे मागे कडेला अगदी बारीक लहरी पण होत्या, फक्त त्या ट्रिमिंगमध्ये (तोंडाची कड सारखी करताना) कापल्या जायच्या म्हणून कोणाच्या डोळ्यावर आल्या नाहीत.

आणि परत परत का यायचं ते पण त्यातच सापडलं. टूल उतरवलं की पिना डब्यात, परत चढवताना हाताला येतील तशा भोकात. आखूड पिन कधी मोक्याच्या जागी जायची, कधी अशा जागी जायची की फार त्रास नाही, शिवाय दुसऱ्या टूलच्या पिना पण त्याच डब्यात. आता आठही पिना एकत्र ग्राइंड करून नंबर मारलेत आणि त्यांचा डबा वेगळा ठेवलाय. फक्त एवढ्याने अर्ध्याहून जास्त रिजेक्शन गेलं. पिना ठीक असतील तर होल्डर आणि डायच्या तोंडाला निळा रंग लावून ठसा बघा, लाखभर जॉब मारलेल्या होल्डरला ब्लँकच्या कडेखाली गोल चर पडलेला असतो, तो डोळ्याला दिसत नाही, निळ्यात मात्र लगेच दिसतो.

ब्लँकची बर, म्हणजे कापताना कडेला उभी राहिलेली धार, पण इथेच मोजा. पत्र्याच्या जाडीच्या दहा टक्के बर जाड जॉबला कोणी विचारत नाही, पण इथे ०.०५ ची बर कडेभर असली की होल्डर त्या बरवरच टेकतो, आतला पत्रा मोकळा राहतो, चुण्या येतात, मग कोणीतरी प्रेशर वाढवतं आणि बूड फाटतं. म्हणजे ब्लँकिंग टूलला धार लावायची वेळ झालीय आणि आपण ड्रॉच्या टूलशी भांडतोय.

आता अर्धे शॉट. हे आळस न करता कराच. स्ट्रोक कमी करून १० एमएम खोलीवर, २५ वर, ४५ वर असे दोन दोन कप काढा, मधोमध कापा आणि भिंतीची जाडी बॉल मायक्रोमीटरने वरपासून खालपर्यंत मोजत जा, साध्या मायक्रोमीटरने गोलाईत बरोबर येत नाही. ०.५ चा गोलाईपाशी ०.४३-०.४४ झाला तर ठीक, ०.४० च्या खाली गेला की तुमचा चांगला कप नशिबावर चाललाय. १० एमएमलाच पातळ झाला असेल तर पंचची गोलाई लहान आहे किंवा सुरुवातीलाच होल्डर फार आवळलाय. १० ला ठीक आणि मध्यावर बिघडतोय तर कडेचा पत्रा जड जातोय, तेल, डायची गोलाई, ब्लँकचा साइज बघा. अगदी शेवटी वरच्या अंगाला ओरखडे येऊन फाटतोय तर क्लिअरन्स (पंच आणि डायमधली फट) बघा, कारण कडेचा पत्रा आकसताना जाड होतो, ०.५ चा ०.६ सुद्धा होतो, आणि क्लिअरन्स एका बाजूला ०.५२ ठेवला असेल तर तो शेवटी इस्त्री केल्यासारखा दाबला जातो. मी ०.५५ ते ०.६ च्या मध्ये ठेवतो. फार मोकळा ठेवला तर कपाचं तोंड घंटेसारखं पसरतं आणि भिंतीत लहरी राहतात, तेही नको. आणि हो, २५ च्या शॉटवर कडेचा जो फ्लँज (अजून आत न गेलेला सपाट पत्रा) उरलाय त्याची रुंदी चारी बाजूंनी मोजा, जिथे अरुंद तिथून पत्रा पळतोय. आमची पिन याच मोजणीत एका दिवसात सापडली असती, वर्ष लागलं नसतं.

तेलाबद्दल जरा सविस्तर, कारण इथे जवळजवळ सगळेच उलटं करतात. ऑपरेटर ब्लँक तेलात बुचकळतो, दोन्ही बाजू चपचपीत, सगळीकडे तेल म्हणजे सगळीकडे सोपं असा समज. पण पंचच्या तोंडाला आणि त्याच्या गोलाईला तेल नकोय! तिथे पत्रा पंचला चिकटून राहिला तर पंच स्वतः त्याला धरून नेतो, ताण थोडा पंचवर येतो आणि गोलाईपाशी पत्रा पातळ व्हायचा थांबतो. तेल लागलं की तो तिथे घसरतो आणि नेमका तिथेच ताणला जातो. म्हणून तेल डायच्या बाजूला आणि होल्डरखालच्या कडेच्या पट्ट्यात, पंचखालचा मधला भाग कोरडा. आमच्या पोराने पत्र्याचीच ७८ एमएमची चकती कापली, ती ब्लँकच्या मधोमध ठेवतो, कडेला रोलर फिरवतो, चकती उचलतो, झालं. पंचला पण आरशासारखं पॉलिश नको, ते डायला करा, पंचचं तोंड साध्या एमरीने मारलेलं असलेलं बरं. हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला वेड्यात काढलं होतं, मग शेजारी शेजारी वीस वीस कप काढून दाखवले, कापून जाडी मोजली, तेव्हा गप्प झाले.

सकाळी चांगलं आणि दोन-तीनशे जॉबनंतर बिघडतं अशी तक्रार असेल तर डायला हात लावून बघा, गरम असते. तेल पातळ होऊन गोलाईवरून निघून जातं, धातूला धातू लागतो, मग डायच्या गोलाईवर पत्र्याचे कण चिकटतात आणि एकदा चिकटले की तेच पुढच्या प्रत्येक जॉबला ओरबाडतात. ओळखायचं कसं तर कापसाचा बोळा गोलाईवरून फिरवायचा, जिथे तंतू अडकले तिथे चिकटलंय. ऑइलस्टोनने काढा, आणि पॉलिश पत्रा ज्या दिशेने आत जातो त्या दिशेने मारा, गोल गोल नाही. लेथवर फिरवत एमरी लावली की चकाचक दिसतं पण बारीक रेघा पत्र्याच्या वाटेला आडव्या येतात. डाय सारखी गरम होत असेल तर घट्ट तेल वापरा, नाहीतर डायच्या बाजूला पातळ प्लॅस्टिक फिल्म लावलेला पत्रा घ्या, स्टेनलेसला तर फिल्मसारखं दुसरं काही नाही. फक्त फिल्मची जाडी क्लिअरन्समध्ये धरायला विसरू नका, आम्ही एकदा विसरलो आणि फिल्मच्या चिंध्या डायमध्ये अडकल्या.

गोलाई किती ठेवायची यावर लोक तावातावाने भांडतात. माझा अनुभव असा की डायची गोलाई जाडीच्या ६ ते १० पट, म्हणजे ०.५ ला ३ ते ५ एमएम. त्याहून लहान केली की वाकवून परत सरळ करण्यातच जोर जातो, त्याहून मोठी केली की शेवटी शेवटी पत्र्याची कड होल्डरमधून लवकर सुटते आणि तोंडाला चुण्या पडतात. पंचची गोलाई २ एमएम असेल ड्रॉइंगवर तर आधी विचारा की खरंच लागते का, बऱ्याचदा कोणीतरी सवयीने लिहिलेली असते. लागतच असेल तर आधी ५ एमएमने काढून नंतरच्या स्टेजला बसवून घ्या.

आता पत्रा, म्हणजे बाण फिरवल्यावर खळगा पण फिरला तर. सर्टिफिकेट बघताना सगळे एरिक्सन व्हॅल्यूवर बोट ठेवतात. एरिक्सन टेस्टमध्ये पत्रा कडेला घट्ट आवळून २० एमएमच्या गोळ्याने मध्ये फुगवतात, बाहेरून पत्रा आत येतच नाही. म्हणजे पत्रा ताणला किती जातो हे कळतं, ओढला किती जाईल हे नाही. कपाला महत्त्वाची आर व्हॅल्यू. पट्टी ओढली की ती रुंदीला पण आकसते आणि जाडीला पण, रुंदीचं आकसणं भागिले जाडीचं आकसणं म्हणजे आर. १ च्या वर जितकी जास्त तितका पत्रा पातळ व्हायला कुरकुरतो, आणि आपल्याला तेच पाहिजे. चांगल्या ड्रॉइंग ग्रेडच्या स्टीलला १.६ किंवा त्याहून जास्त मिळते, ॲल्युमिनियमची बहुतेक १ च्या खालीच असते, म्हणून ॲल्युमिनियम हाताला मऊ लागतं तरी खोल कपाला दगा देतं. एन व्हॅल्यू (ताणताना पत्रा किती कडक होत जातो त्याचा आकडा) बुडाला मोठे उठाव, नक्षी वगैरे असतील तेव्हा जास्त कामाची. दोन कॉइल एकाच ग्रेडच्या आणि एकच फाटते असं झालं तर दोन्हीची आर मागा, तीन दिशांची मागा, नुसती एक नको. तीन दिशांत फार फरक असला की कपाच्या तोंडाला चार कान उभे राहतात, ते धरून ट्रिमिंगला जास्त पत्रा सोडावा लागतो आणि ब्लँक आणखी मोठा होतो, म्हणजे परत भिंतीवरच बोजा.

जाडी स्वतः मोजा. कॉइलच्या दोन्ही कडा आणि मध्य, तीन ठिकाणी. आणि गोडाऊनमध्ये कोपऱ्यात सहा-आठ महिने पडलेली कॉइल काढली असेल तर बुडावर नागमोडी पट्टे दिसतील, साधं लो कार्बन स्टील पडून पडून म्हातारं होतं. रंग लागणाऱ्या जॉबला ते पट्टे रंगातून पण दिसतात. आयएफ स्टीलला (ज्यात मोकळा कार्बन-नायट्रोजन नसतो) हा त्रास नाही.

हे सगळं करूनही फाटत असेल तर गणिताकडे या. ब्लँकचा व्यास म्हणजे कपाच्या व्यासाचा वर्ग अधिक ४ गुणिले व्यास गुणिले उंची, त्याचं वर्गमूळ. ८० आणि ७० ला ते येतं १७० च्या जरा खाली, ट्रिमिंग धरून १७६. १७६ भागिले ८० म्हणजे २.२. चांगलं स्टील, चांगलं तेल, नवी डाय, सगळं जुळून आलं तर पहिल्या ड्रॉची हद्द साधारण तेवढीच, आणि पत्रा ब्लँकच्या मानाने पातळ असला (इथे ०.३ टक्के पण नाही) की आणखी खाली येते. म्हणजे आम्ही वर्षभर कड्याच्या टोकावर उभे राहून वारा कुठून येतोय ते शोधत होतो. पिन, तेल, पॉलिश हे सगळं केल्यावर शंभरात दोन-तीन तरी जायचेच. शेवटी दोन ड्रॉ केले, पहिला १७६ वरून १०० ला, दुसरा १०० वरून ८० ला. मॅनेजरला एक टूल जास्त करायला लावणं हे सगळ्यात अवघड काम होतं, त्याच्यासाठी स्क्रॅपची पेटी त्याच्या केबिनच्या दारात नेऊन ठेवावी लागली. दुसऱ्या ड्रॉला २० टक्क्यांच्या पुढे जाऊ नका, पत्रा पहिल्या ड्रॉमध्ये कडक झालेला असतो.

स्टेनलेस, म्हणजे ३०४ वाल्यांनो, तुमचा प्रकार निराळा. तो ओढता ओढता इतका कडक होतो की पहिला ड्रॉ सुरेख जातो आणि दुसऱ्याला हात वर करतो. स्पीड कमी ठेवा, जमलं तर डाय आणि होल्डर थोडे गरम आणि पंच थंड ठेवा, कडेचा पत्रा मऊ राहतो आणि भिंत मजबूत राहते. आणि एकाच दमात फार खोल काढलेला कप संध्याकाळी पास होऊन दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडापासून खाली उभा तडकलेला सापडतो, हात न लावता. तो पत्र्यात अडकून राहिलेल्या ताणामुळे तडकतो, पाठवायच्या आधी ॲनील करा (तापवून ताण काढा) किंवा ड्रॉ वाटून घ्या.

एक राहिलंच. कप काढताना बूड आत ओढलं जाऊन वाटीसारखं होत असेल तर पंचमधलं हवेचं भोक बुजलंय. वाळलेलं तेल आणि धूळ यांचा बुच बसतो. आमच्याकडे दीड एमएमची तार प्रेसच्या खांबाला दोरीने बांधून ठेवलीय, शिफ्ट सुरू करताना एकदा भोकात घालून फिरवायची.